‘तुमचं गाव कोणतं?’ : भटके-विमुक्त, जुना कायदा आणि आजची हद्द (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

जातीच्या दाखल्यांच्या शिबिरात मी अर्ज लिहून द्यायला बसतो. टेबलाच्या पलीकडून लोक विचारतात ते प्रश्न एक प्रकारचे. घरी, लग्नात, रेल्वेच्या डब्यात शिकलेली माणसं विचारतात ते दुसऱ्या प्रकारचे. इथे दोन्ही घेतले आहेत. काहींची उत्तरं लांबली, त्याला इलाज नाही.

गुन्हेगार जमाती कायदा म्हणजे नेमकं काय होतं?

१८७१ साली इंग्रज सरकारने केलेला कायदा. एखादी जमात, टोळी किंवा वर्ग सराईतपणे गुन्हे करतो असं प्रांताच्या सरकारला वाटलं, की केंद्राची परवानगी घेऊन अधिसूचना काढायची. त्या दिवसापासून त्या जमातीत जन्मलेलं मूलसुद्धा संशयित. त्याने काही केलेलं असण्याची गरज नव्हती. अधिसूचना चुकीची आहे असं कोर्टात जाऊन म्हणायचीही सोय नव्हती, कारण ती प्रसिद्ध झाली हाच पुरेसा पुरावा, असं कायद्यातच लिहून ठेवलं होतं.

याच कायद्याच्या दुसऱ्या भागात हिजड्यांचीही नोंदवही ठेवायची तरतूद होती. ती फारशी कोणाला माहीत नसते.

महाराष्ट्राला तो १८७१ पासूनच लागू होता का?

नाही. आधी पंजाब, अवध आणि वायव्य प्रांत, मग १८७६ ला बंगाल. मुंबई आणि मद्रास इलाखा १९११ च्या सुधारित कायद्याने त्यात आले. त्याच वेळी बोटांचे ठसे घेणं आलं. १९२४ ला सगळं एकत्र करून पुन्हा नवा कायदा झाला.

पण ते लोक चोऱ्या करायचेच ना? उगाच कोण कशाला नाव घेईल?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त वेळा विचारला जातो, आणि विचारणारा बहुतेकदा चांगला माणूस असतो. म्हणून नीट उत्तर देतो.

काही जण करत होते. चोरी करणारे प्रत्येक जातीत होते आणि आहेत. प्रश्न असा की बाकीच्यांच्या बाबतीत चोर पकडला जातो आणि इथे जात का पकडली गेली?

आता यादीतली माणसं काय करत होती ते बघा. बंजारे बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून देशभर नेत. मोठमोठ्या सैन्यांना रसद पुरवणारे तांडे त्यांचेच. मिठावर सरकारची मक्तेदारी आली, १८५३ ला मुंबई-ठाणे रेल्वे सुरू झाली आणि पुढच्या काही दशकांत बैलांच्या पाठी रिकाम्या झाल्या. रामोशी आणि बेरड गावाची, गडाची राखण करत. गड गेले, वतनं गेली आणि राखणदारच संशयित ठरला. उमाजी नाईकांना इंग्रजांनी ३ फेब्रुवारी १८३२ रोजी पुण्यात फाशी दिली. पुस्तकात ते आद्यक्रांतिकारक आणि त्यांच्या जातीचं नाव पोलिसांच्या वहीत. कैकाडी कणग्या, टोपल्या विणत. वडार दगड फोडत, विहिरी खणत, आणि तुम्ही आज ज्या धरणाचं पाणी पिता त्याच्या भिंतीतही बहुधा वडाराचाच घण वाजला असेल. पारध्याला रान माहीत. १८७८ च्या जंगल कायद्याने रानाला मालक आला, मग शिकार ही चोरी झाली.

धंदा काढून घेतला आणि मग विचारलं, तुम्ही पोट कशावर भरता?

साहेबाच्या डोक्यात जातव्यवस्थेचं एक सोपं गणित होतं. विणकराचा मुलगा विणकर, सुताराचा सुतार, म्हणजे चोराचा मुलगा चोर. ठगांच्या बंदोबस्तापासून ही समजूत घट्ट होत गेली. हे गणित त्याने आपल्याकडूनच उचललं होतं, हे मात्र आपण सोयीने विसरतो.

फिरण्याचंच एवढं वावडं का?

फिरणाऱ्या माणसाकडून शेतसारा घेता येत नाही. त्याचा जामीन कोणी राहत नाही. १८५७ च्या उठावानंतर तर गावोगाव बातमी नेणारा प्रत्येक जण सरकारला खुपू लागला. नंदीवाला, गोसावी, डोंबारी, कोणीही असो. गावगाड्यालाही फिरणारा माणूस दिवसा हवा असतो आणि रात्री नको असतो. ही आपली जुनी रीत कायद्याला आयतीच सापडली.

हजेरी आणि पास कसे चालत?

नोंदवहीत नाव आलेल्याने ठरलेल्या वेळी पोलिसापुढे किंवा पाटलापुढे उभं राहायचं. ही हजेरी. राहण्याची जागा बदलायची असेल तर आधी सांगायचं. हद्दीबाहेर जायचं असेल तर पास घ्यायचा आणि त्यावर लिहिलेल्या ठिकाणी, लिहिलेल्या वेळेत पोचायचं. चुकलं तर सक्तमजुरी, दंड, जुन्या कायद्यात फटकेसुद्धा. कोण आलं, कोण गेलं याची वर्दी द्यायची जबाबदारी गावच्या मुखत्यारांवर टाकलेली होती. म्हणजे पाटलाशी बिनसलं की संपलंच. लेकीच्या बाळंतपणाला शेजारच्या तालुक्यात जायचं तर पास लागे, आणि बाळंतपण काही पास बघून येत नाही.

ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर किमान सात वर्षं, तिसऱ्यांदा जन्मठेप काळ्या पाण्याची.

विरोध झाला. मदुरेजवळच्या पेरुंगामनल्लूर गावात ३ एप्रिल १९२० रोजी ठसे द्यायला नकार देणाऱ्या कल्लर लोकांवर पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि डझनाहून जास्त माणसं मेली. आपल्याकडे कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१८ साली हजेरीची पद्धत मोडीत काढली. संस्थानाच्या हद्दीत माणूस आणि हद्दीबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा संशयित, असा तो काळ.

सोलापूरची ‘सेटलमेंट’ म्हणजे काय? तिथे अजून त्या नावाचा भाग आहे.

आहे. सेटलमेंट फ्री कॉलनी असा पत्ता आजही पत्रावर लिहिला जातो, आणि नव्या माणसाला ते एखाद्या गृहनिर्माण सोसायटीचं नाव वाटतं. ‘फ्री’ म्हणजे फुकट नव्हे. तारेच्या कुंपणाच्या आतली ती सेटलमेंट, आणि वागणूक बरी ठरली म्हणून कुंपणाबाहेर राहायला दिलेले ते फ्री कॉलनीवाले.

मुंबई इलाख्यात विजापूर, सोलापूर, हुबळी, गदग, बारामती अशा ठिकाणी या वसाहती उभ्या राहिल्या. स्टार्ट नावाचा सनदी अधिकारी त्यांचा प्रमुख होता. काही वसाहती मिशनरी संस्थांनी चालवल्या. आत शाळा होती, दवाखाना होता, बाहेर कामाला जायची सोय होती, आणि कामावरून आल्यावर मोजदाद होती. सोलापुरात जागा निवडताना कापड गिरण्या जवळ आहेत हे काही योगायोगाने घडलं नाही. गिरणीला वेळेवर येणारा, संपावर जायला कचरणारा मजूर हवा होता आणि सरकारला माणसं एका जागी हवी होती. दोघांची भूक एकाच भाकरीने भागली. मुलांना आईबापांपासून वेगळं ठेवायची मुभाही कायद्याने दिली होती, म्हणजे ‘वळण’ लागेल.

जुन्या लोकांच्या बोलण्यात ‘भोंगा’ हा शब्द फार येतो. गिरणीचाही भोंगा आणि हजेरीचाही. एका आजींना मी विचारलं, दोन्ही वेगळे ओळखू यायचे का? त्या म्हणाल्या, “ओळखून काय करायचं बाबा, दोन्हीला पळायचंच.”

१९५२ ला कायदा गेला ना? मग आता कसलं दुखणं?

गेला. मद्रास प्रांताने तो १९४७ ला आणि मुंबई प्रांताने १९४९ ला रद्द केला. अनंतशयनम् अय्यंगार यांच्या समितीच्या अहवालानंतर ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो देशभरातून उठला. म्हणून ३१ ऑगस्ट हा विमुक्त दिन. आमची माणसं म्हणतात, तुमचं स्वातंत्र्य १५ ऑगस्टचं, आमचं पाच वर्षं सोळा दिवसांनी आलेलं.

पण समोरचं दार बंद करताना मागचं उघडं ठेवलं. राज्याराज्यांत ‘सराईत गुन्हेगार’ कायदे आले. मुंबईचा एक १९४७ चा आणि पुढचा १९५९ चा. कागदावर तो कोणत्याही जातीच्या माणसाला लागू आहे. ठाण्यातली जुनी वही मात्र तीच राहिली, आणि वही ज्याची त्याचाच मुलगा पुन्हा सराईत. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने २००० साली आणि संयुक्त राष्ट्रांच्या वंशभेदविरोधी समितीने २००७ साली हे कायदे काढा असं सांगितलं. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सुकन्या शांता खटल्यात तुरुंगाच्या नियमावल्यांतले जातीवरून काम वाटणारे नियम घटनाबाह्य ठरवले, कैद्यांच्या रजिस्टरमधला जातीचा रकाना काढायला सांगितला आणि विमुक्त जमातींतल्या माणसांना मनमानीपणे अटक होऊ नये असं पोलिसांना बजावलं. स्वातंत्र्यानंतर सत्त्याहत्तर वर्षांनी.

भटके आणि विमुक्त एकच का?

नाही. या कायद्यातून सुटलेले ते विमुक्त. भटक्यांमधले बरेच जण त्या यादीत कधीच नव्हते. महाराष्ट्रात विमुक्त जाती (अ) १४ आहेत, त्यांना ३ टक्के आरक्षण. भटक्या जमाती (ब) २.५, धनगर (क) ३.५, वंजारी (ड) २. बेरीज ११.

सीमा ओलांडली की जात बदलते, हे खरं का?

जात बदलत नाही, तिचं खातं बदलतं. बंजारा समाज तेलंगण-आंध्रात अनुसूचित जमातीत, कर्नाटकात अनुसूचित जातीत, महाराष्ट्रात विमुक्त जातीत. भाषा तीच गोरबोली, सोयरिकी इकडून तिकडे होतात. उमरग्याची लेक बसवकल्याणला दिली की अंतर दोन तासांचंसुद्धा नाही. पण सवलत तिच्या माहेरच्या दाखल्यावर, आणि सासरच्या राज्यात तो दाखला नुसता कागद.

राज्याची सीमा तरी नकाशावर दिसते. कैकाड्यांची सीमा महाराष्ट्राच्या पोटातून जाते. विदर्भातल्या जिल्ह्यांत ते अनुसूचित जातीत येतात आणि चंद्रपूरचा राजुरा तालुका तेवढा वगळलेला आहे, कारण तो पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. उरलेल्या महाराष्ट्रात ते विमुक्त. याला क्षेत्रीय बंधन म्हणतात. फिरणाऱ्या माणसाला क्षेत्रीय बंधन लावण्याची कल्पना ज्याला सुचली त्याला विनोदबुद्धी असावी.

दाखल्यासाठी १९६१ चा पुरावा का मागतात?

कारण विमुक्त जाती आणि भटक्या जमातींसाठी मानीव दिनांक २१ नोव्हेंबर १९६१ आहे. त्या दिवशी किंवा त्याआधी तुमचं कुटुंब महाराष्ट्रात राहत होतं हे दाखवावं लागतं. (अनुसूचित जातींसाठी १० ऑगस्ट १९५०, जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, इतर मागासांसाठी १३ ऑक्टोबर १९६७.) पुरावा म्हणजे शाळेचा निर्गम उतारा, जन्म-मृत्यूची नोंद, जमिनीचा उतारा. आता आजोबा पालात जन्मले, आज्जी दुसऱ्या पालात वारली, शाळा कोणी पाहिली नाही, आणि जमीन म्हणाल तर पायाखाली असेल तेवढीच.

गेल्या वर्षी एक पोरगा आला. बारावीला चांगले मार्क, नर्सिंगला जायचं होतं. वंशावळ लिहायला घेतली. वडिलांचं जन्मगाव? “बार्शीच्या अलीकडं एक वढा हाय.” ओढ्याचं नाव? त्याने वडिलांना फोन लावला, वडिलांनी त्यांच्या चुलत्याला. वीस मिनिटांनी उत्तर आलं, ओढ्याला नाव नाही, पण काठावर चिंच होती. मी रकान्यात तालुका लिहिला आणि गावाची जागा मोकळी सोडली. अर्ज परत आला, शेरा असा : गावाचे नाव नमूद करावे.

चौकशी करून, समाजातल्या वडीलधाऱ्यांचे जबाब घेऊन पुरावा ग्राह्य धरावा, अशी मागणी जुनी आहे आणि काही अधिकारी मनापासून तसं करतातही. पण माणूस चांगला भेटण्यावर हक्क अवलंबून असेल तर त्याला हक्क कशाला म्हणायचं? असो. पडताळणी समितीकडे प्रकरण गेलं तर दक्षता पथकाची गृहचौकशी होते. त्या दिवशी घरातली सगळ्यात म्हातारी व्यक्ती हजर ठेवा. कुलदैवत, आडनावं, लग्नातल्या रीती तिला विचारतात आणि ती अचूक सांगते.

फिरून मागणं, खेळ करणं हा गुन्हा आहे का?

भीक प्रतिबंधाचा मुंबईचा १९५९ चा कायदा वाचा. सार्वजनिक ठिकाणी गाणं, नाचणं, भविष्य सांगणं, कसरती करून पैसे मागणं, हे सगळं त्यात भीक आहे. उदरनिर्वाहाचं दिसेल असं साधन नसताना हिंडणं, हेही. म्हणजे डोंबारी, वासुदेव, पोतराज, कुडमुडे जोशी एका वाक्यात गोळा झाले. पहिल्यांदा सापडलं तर एक ते तीन वर्षं भिक्षेकरी गृह, पुन्हा पुन्हा सापडलं तर दहा वर्षांपर्यंत. हाच कायदा दिल्लीलाही लावला होता, आणि तिथल्या उच्च न्यायालयाने ऑगस्ट २०१८ मध्ये भीक मागण्याला गुन्हा ठरवणारी कलमं रद्द केली. तो निकाल दिल्लीपुरता.

भर म्हणून प्राण्यांचे कायदे. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर पारध्याची तितर-बटेरं गेली, गारुड्याचा नाग गेला. १९९८ ला अस्वल-माकडांचे खेळ गेले. प्राण्यांचे हाल थांबावेत यात वाद नाही. पण दरवेश्याचं अस्वल सोडवून नेताना गाडी आली, दरवेश्यासाठी त्या दर्जाची गाडी मी तरी पाहिली नाही.

राईनपाड्याला काय झालं होतं?

१ जुलै २०१८, रविवार, बाजाराचा दिवस. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातलं राईनपाडा. मंगळवेढ्याकडून आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागायला तिथे आले होते. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मारलं. पाचही जण मेले.

त्या जमावाने १८७१ चा कायदा वाचलेला नव्हता. त्याची गरजही पडली नाही. अनोळखी कपडे, अनोळखी बोली, गाव सांगता येईल पण पटणार नाही. पुरे झालं.

तडीपार म्हणजे काय?

महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या ५५ ते ५७ कलमांखाली माणसाला जिल्ह्याबाहेर किंवा आसपासच्या जिल्ह्यांबाहेर काढता येतं, जास्तीत जास्त दोन वर्षं. नोटीस येते, बाजू मांडता येते, अपील करता येतं. नोटीस घेऊन लगेच वकिलाकडे जा, पावसात पालात ठेवू नका.

रात्री पोलिसांनी पालावरून माणूस उचलला तर काय करायचं?

घाबरून सगळं बिऱ्हाड हलवू नका. पळाले, असं लिहिलं जातं.

कोणत्या ठाण्यात नेलं ते आधी विचारा. हद्द कोणती हे नीट कळलं नाही तर रात्रभर तीन ठाणी फिरत बसावं लागतं. अटकेची कारणं सांगणं बंधनकारक आहे, लेखी मागा. चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढे उभं करावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. सात वर्षांपर्यंत शिक्षेच्या गुन्ह्यात, आणि साधी चोरी त्यातच येते, सरसकट अटक न करता आधी हजर राहण्याची नोटीस द्यायची असते. नव्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत ते कलम ३५. सूर्यास्तानंतर बाईला अटक करायला महिला अधिकारी आणि मॅजिस्ट्रेटची आधी परवानगी लागते. विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा क्रमांक फुकट आहे, वकीलही फुकट मिळतो. मॅजिस्ट्रेटने “मारहाण झाली का?” असं विचारलं तर खरं सांगा. तो प्रश्न त्यासाठीच असतो, पण शेजारी उभ्या असलेल्या हवालदाराकडे बघून आपली माणसं मान हलवतात.

सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात ‘संशयास्पद’ आढळल्याबद्दल महाराष्ट्र पोलीस कायद्याचं कलम १२२ लावतात. तिथे काय करत होता याचं समाधानकारक उत्तर द्यावं लागतं. “झोपलो होतो” हे उत्तर समाधानकारक आहे, पुन्हा पुन्हा तेच सांगा.

एकूण लोक किती?

बाळकृष्ण रेणके आयोगाने २००८ च्या अहवालात देशभरात दहा कोटींच्या वर असा अंदाज दिला. नंतर भिकू रामजी इदाते यांचा आयोग झाला. त्यांना २६९ समाज असे सापडले जे अनुसूचित जाती, जमाती, इतर मागास, कोणत्याच यादीत नाहीत. दोन्ही अध्यक्ष मराठी, हा योगायोग नाही, ही चळवळ इथे मुरलेली आहे. २०२२ ला केंद्राने ‘सीड’ नावाची योजना आणली, पाच वर्षांसाठी २०० कोटी. दहा कोटींना भागून बघा, वर्षाला माणशी चार रुपये येतात.

मग एका जागी राहत का नाहीत? प्रश्नच मिटेल.

बहुतेक जण राहू लागलेत. गावकुसाबाहेर, गायरानात, रेल्वेच्या कडेला. तिथे राहिलं की अतिक्रमण. उठून गेलं की फिरस्ते. राज्यघटनेच्या १९ व्या कलमात देशभर फिरण्याचं आणि कुठेही वस्ती करण्याचं, अशी दोन्ही स्वातंत्र्यं शेजारीशेजारी लिहिलेली आहेत, त्यातलं कोणतं आम्ही वापरावं ते सांगा.

घराचा पत्ता नाही, तर मतदारयादीत नाव येतं का?

येतं. कागदाचा पुरावा नसला तरी चालतो. अर्जात तुम्ही जिथे झोपता ती जागा लिहायची, पुलाखालची असो की माळावरची. निवडणूक आयोगाच्या नियमाप्रमाणे मतदान केंद्राचा अधिकारी रात्री तिथे येतो, एकापेक्षा जास्त वेळा, आणि तुम्ही खरंच तिथे झोपता का ते बघतो. दिसलात की नाव चढतं.

हे मी एका पालावर समजावून सांगत होतो. अर्ज भरून झाले होते, सह्या-अंगठे झाले होते. शेवटी म्हटलं, आता एवढंच करा, या आठवड्यात रात्री कोणीतरी साहेब वही घेऊन येईल, तुम्ही जागेवर आहात का बघायला. कोपऱ्यात विडी ओढत बसलेले एक म्हातारबुवा उठले आणि पालाच्या दोऱ्या सोडायला लागले. सुनेने विचारलं, “मामंजी, कुटं?” ते म्हणाले, “रातीची हजेरी हाय म्हनत्यात.” त्यांना परत बसवायला तासभर लागला, आणि अर्जावर अंगठा मात्र त्यांनी त्या दिवशी दिला नाही.